बांगडी ओवलेली की ठेवलेली? रंगांवर वाजवणाऱ्या मुलीला स्टाफ नोटेशन शिकवताना

"ताई, यात रंगच नाहीयेत."

नऊ वर्षांची मुलगी, दीड वर्ष कीबोर्ड शिकलेली. माझ्या सहकारनगरच्या क्लासमध्ये येऊन तिनं बसल्या बसल्या तीन धून वाजवून दाखवल्या होत्या. बोटं सुटी, लय पक्की. नाव सांगत नाही, चिमणी म्हणू. आई शेजारी बसून कौतुकानं बघत होती. "वाचता येतं तिला. पहिल्या ग्रेडचा फॉर्म भरायचाय, तेवढी तयारी करून घ्या," असं त्या म्हणाल्या.

वाचता येतं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलावर मी एक जुनी युक्ती करते. त्याला पाठ असलेली एक धून रात्री स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, साध्या काळ्या शाईत उतरवते आणि मधेच एक सूर बदलते. याला मी चोर सूर म्हणते. वाचणारं मूल तिथं अडखळतं, तोंड वाकडं करतं. पाठ म्हणणारं मूल सरळ पुढे जातं. चिमणी पानाकडे बघत, योग्य जागी मान हलवत, जुनीच धून वाजवून मोकळी झाली. मग मी न ऐकलेल्या आठ सुरांची एक ओळ समोर ठेवली, आणि तेव्हा ते वरचं वाक्य आलं.

झालं होतं ते असं. तिच्या आधीच्या क्लासमध्ये कीबोर्डच्या प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर रंगीत स्टिकर होता. पाश्चात्त्य नावांनी सांगायचं तर सी हा सूर लाल, डी नारिंगी, ई पिवळा, असं पुढे. पुस्तकातले सूरही त्याच रंगांत छापलेले. म्हणजे लाल टिंब दिसलं की लाल पट्टी दाबायची. टिंब वर आहे की खाली, रेघेवर आहे की मधल्या जागेत, याकडे वाजवताना दीड वर्षात एकदाही बघायची वेळ आली नव्हती. पाच रेघा तिच्या लेखी पानाची नक्षी होत्या. त्या क्लासला नावं ठेवायची मला घाई नाही. पहिल्या महिन्यात मुलाला धून वाजवता आली पाहिजे, नाहीतर आईबाप दुसरीकडे जातात. मीही विशीत असताना स्केचपेननं पट्ट्या रंगवलेल्या आहेत.

गुंता आणखी एक होता. चिमणीची आजी गांधर्वच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिलेली, पेटीवर रोज बसणारी. चिमणी तिच्याकडे सारेगम शिकलेली होती आणि आजीची वही तिला बऱ्यापैकी वाचता येत होती. पुण्यात अशी घरं पुष्कळ आहेत. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली इथं गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांत सरगम लिहिलेली एखादी तरी वही निघतेच. म्हणजे या मुलीच्या डोक्यात तीन लिप्या होत्या: रंगांची, आजीची आणि आता माझी.

आईंना मी सांगितलं की आधी वाचन, मग फॉर्म. त्यांनी गणित मांडलं. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडला १५० गुण, पास व्हायला १०० लागतात, आणि न पाहिलेली ओळ वाजवायला फक्त २१. "ते २१ गेले तरी पास होईल ना?" होईल. गणितात चूक काहीच नव्हती. परीक्षेत अशी ओळ समोर आली की वाजवण्याआधी बघायला अर्धं मिनिट मिळतं, आणि चिमणी ते अर्धं मिनिट रंग शोधण्यात घालवेल, एवढंच मी म्हटलं. सहा महिने थांबायचं ठरलं. जून होता, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

पहिली चूक माझी

सुरुवातीलाच मी सगळे स्टिकर काढले. खोबरेल तेल लावून चिकटा पुसला, पट्ट्या लख्ख केल्या. चिमणी आली, कीबोर्डकडे बघितलं आणि रडायलाच लागली. वाजवेना. पुढच्या आठवड्यात आईंचा मेसेज आला की ती यायला नाही म्हणते. एखाद्याचा चष्मा काढून घ्यायचा आणि वर नीट बघ म्हणून सांगायचं, तसं मी केलं होतं. स्टिकर विकत आणून परत लावले, आणि दोन आठवडे नुसतं तिच्या आवडीचं वाजवू दिलं. उरलेले स्टिकर तिनं घरी नेऊन आजीच्या पेटीवर लावले. त्यावरून त्या घरी जे झालं ते आजींनी मला फोनवर तपशिलात ऐकवलं.

या दोन आठवड्यांत मी फक्त बघत होते, की तिला नेमकं काय येत नाही. "वाचता येत नाही" हे ताप आला म्हटल्यासारखं आहे. कशाचा ताप? तिला ई-जी-बी-डी-एफ हे पाच रेघांच्या अक्षरांचं घोकलेलं वाक्य इंग्रजीत येत होतं. कुठलाही सूर दाखवला की ती तळापासून बोट टेकवत मोजत वर यायची. सात चोक किती म्हटल्यावर सात एके सातपासून सुरू करणाऱ्या मुलासारखं. उत्तर बरोबर यायचं, पण तोवर धून पुढे निघून गेलेली असायची.

आणि एक गोष्ट माझ्याही डोक्यात कधी आली नव्हती. मी तिला एक बटण दिलं, कागदावर पाच रेघा काढल्या आणि म्हटलं, "दुसऱ्या रेघेवर ठेव." तिनं बटण रेघेच्या वर, रेघेला टेकवून ठेवलं. म्हणजे रेघेच्या वरच्या मोकळ्या जागेत. जी मागितला, ए मिळाला. तीनदा सांगितलं, तीनदा तेच. मला वाटलं हट्ट करतेय. मग तिच्या शाळेची वही उघडी दिसली. एकरेघी वहीत बाई सांगतात "रेघेवर लिही", तेव्हा अक्षर रेघेवर बसतं. रेघ त्याच्या पोटातून गेली तर लाल पेनानं खूण होते. चिमणी चार वर्षं शिकलेलं इमानदारीनं पाळत होती. चूक माझ्या मराठीत होती. स्टाफमध्ये "रेघेवर" म्हणजे रेघ सुराच्या मधून गेलेली, आणि हे मराठीतल्या "वर" या शब्दात मावतच नाही.

बांगड्यांचा फळा

उपाय बांगडीवरून सुचला. रेघ सुराच्या आतून जाते, म्हणजे सूर ओवलेला. दोन रेघांच्या मधे बसतो, तो ठेवलेला. हे दोन शब्द तिला एकदाच सांगावे लागले.

भाच्याचा इंजिनिअरिंगचा जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर पडून होता. बोहरी आळीतून खिळे आणि छोटे हूक आणले, तुळशीबागेतून लहान मुलींच्या प्लास्टिकच्या बांगड्यांचे दोन डझन. पहिल्यांदा रेघांसाठी परकराची नाडी ताणली. ती फसली. बोर्ड जमिनीवर आडवा ठेवला तर सगळं छान राहायचं, पण मग "वरचा सूर" म्हणजे माझ्यापासून लांबचा सूर, असा नवाच घोळ व्हायला लागला. बोर्ड भिंतीला उभा टेकवला की मधे ठेवलेल्या बांगड्या खळकन खाली. नाडीच्या जागी शिवणकामाचं इलॅस्टिक लावलं तेव्हा जमलं. ओवायची बांगडी एका इलॅस्टिकमध्ये घालायची, त्यासाठी एका बाजूचा हूक सुटतो. ठेवायची बांगडी वरच्या आणि खालच्या इलॅस्टिकखाली काठानं अडकवायची. ती धरून राहते.

अंतर मी आधी बांगडीच्या मापानं अंदाजे घेतलं होतं. एक दिवस बोर्ड उचलून कीबोर्डमागे ठेवताना तो आडवा झाला, म्हणजे उजवीकडे पाव फेरा फिरला. रेघा उभ्या झाल्या. वरच्या रेघा उजवीकडे गेल्या, खालच्या डावीकडे. कीबोर्डवर उंच सूर उजवीकडेच असतात. रेघा जवळजवळ पट्ट्यांच्या डोक्यावर उतरत होत्या. मी पट्टी घेऊन मोजलं. पूर्ण मापाच्या कीबोर्डची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. दोन पट्ट्या म्हणजे ४७. रेघांमधलं अंतर नेमकं ४७ मिलिमीटर ठेवलं तर ई, जी, बी, डी, एफ या पाच रेघा बरोबर त्याच पाच पट्ट्यांवर येतात, आणि मधल्या चार मोकळ्या जागा मधल्या चार पट्ट्यांवर. मी सगळे खिळे उपटून परत ठोकले.

हे मला पंचवीस वर्षं शिकवूनही दिसलं नव्हतं. स्टाफवरची उंची आणि कीबोर्डवरची लांबी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, पण मुलाला मनातल्या मनात एक बाजू फिरवावी लागते. आपण ती फिरवायला कधी शिकवतच नाही, आपोआप जमेल असं धरून चालतो. नंतर आठवलं, कॉर्नेलिस पॉट या डच माणसानं १९३१ मध्ये क्लावरस्क्रिबो नावाची लिपी काढली, तिच्यात रेघा मुळातच उभ्या असतात. छपाईच्या जगात ती फारशी पसरली नाही. मला लिपी बदलायची नव्हती, फळा फक्त काही दिवस आडवा ठेवायचा होता.

कृती अशी चालायची. मी उभ्या फळ्यावर एक बांगडी अडकवायचे. चिमणीनं म्हणायचं "ओवलेली" किंवा "ठेवलेली". मग फळा फिरवून कीबोर्डमागे, बांगडीच्या सरळ रेषेत खाली हात, पट्टी दाबायची. फळा परत उभा करून तोच सूर पुन्हा बघायचा. पंधरा मिनिटांत दहा-बारा सूर व्हायचे. चौथ्या-पाचव्या वेळेला ती फळा फिरवायच्या आधीच मान कलती करून बघायला लागली. मग मी फिरवणं बंद केलं. मान कलती करणं त्यानंतर महिनाभर चाललं. लांबून बघणाऱ्याला वाटावं हिची मान लचकलीय.

रंग कुठे द्यायचा

स्टिकर अजून होते. आता ते काढायचे कसे, हा प्रश्न होता. उत्तर मला हजार वर्षांपूर्वीच्या एका इटालियन साधूच्या उद्योगात सापडलं. ग्विदो दारेझ्झो मठात मुलांना भजनं शिकवायचा, आणि गवयाला तयार व्हायला जिथे दहा वर्षं लागतात तिथे आपण ते वर्षा-दोन वर्षांत करतो असा त्याचा दावा होता. त्यानंही रंग वापरले. पण त्यानं सूर रंगवले नाहीत, रेघा रंगवल्या. सीची रेघ पिवळी, एफची लाल. बाकी सगळं काळं. फरक सगळा इथे आहे. सुराला रंग दिला तर मूल रंग वाचतं, जागा बघायची गरजच उरत नाही. रेघेला रंग दिला तर रंग फक्त "तू इथे आहेस" एवढं सांगतो आणि पुढचं मुलाला जागेवरूनच काढावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या रंगीत साधनांकडे मी तेव्हापासून एवढ्या एकाच नजरेनं बघते: रंग सुराला आहे की जागेला?

आमच्या फळ्यावर दुसऱ्या रेघेचं इलॅस्टिक लाल झालं. ओळीच्या सुरुवातीची खूण, ट्रेबल क्लेफ, हे मुळात वळणं घेतलेलं जी हे अक्षर आहे, आणि त्याचं वेटोळं याच रेघेभोवती पडतं. खाली मिडल सीसाठी, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या सीसाठी, पिवळ्या इलॅस्टिकचा बोटभर तुकडा. जी आणि सी, दोन खुंट्या. मग कीबोर्डवरूनही स्टिकर काढले, पण हे दोन सोडून. आणि एका दिवसात नाही, दर आठवड्याला एक, कुठला काढायचा ते तिनं ठरवायचं. तिनं आधी डी काढला. "तो दोन काळ्यांच्या मधे असतो, तो मला दिसतोच." हे तिला पेटीवरून माहीत होतं, कारण आजी पट्ट्यांना काळी एक, काळी दोन अशाच नावांनी हाक मारतात.

पेटीचा एक त्रासही झाला. आजींचा सा काळी चारवर. आधीच्या क्लासमध्ये "सी म्हणजे सा" शिकवलेलं. चिमणीला वाटे दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. सा ही जागा नाही, ते नातं आहे, तो गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो आणि सी आपल्या पट्टीवरून हलत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला शब्दांत सांगणं मला जमलं नाही. मी नियम केला: पानाकडे बघताना सी-डी-ई, डोळे मिटल्यावर सा-रे-ग. काही शिक्षक सरकणाऱ्या सा-वरच वाचन शिकवतात, इंग्लंडात जॉन कर्वेननं एकोणिसाव्या शतकात त्याची मोठी चळवळच केली, हाताच्या खुणांसकट. गाण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे. पट्ट्यांच्या वाद्यावर, आणि घरात आधीच एक सरकणारा सा असताना, मला ती नको वाटली.

पोळी, चिंचोके आणि झाकलेली वाटी

सुराची जागा मार्गी लागतेय असं वाटेपर्यंत श्रावण उजाडला होता. आता सुराची लांबी. इथे मी सगळ्यांसारखीच पोळीकडे गेले. पुठ्ठ्याची गोल पोळी म्हणजे चार मात्रांचा सेमिब्रीव्ह, अर्धी म्हणजे दोन मात्रांचा मिनिम, चतकोर म्हणजे एका मात्रेचा क्रॉचेट. चिमणीनं पाच मिनिटांत सगळे तुकडे जुळवले. गणितात हुशार. मग कीबोर्डवर मिनिम आणि क्रॉचेट सारख्याच लांबीचे वाजवले. चतकोर अर्धीपेक्षा लहान असते हे तिला कळलं होतं, पण ती किती वेळ टिकते हे पोळीत कुठे दिसणार? पोळीला सुरुवात नसते आणि शेवट नसतो. लांबी दाखवायची तर साधन डावीकडून उजवीकडे जाणारं पाहिजे.

आणि तसं साधन आजींच्या वहीत तयार होतं. भातखंडे लिपीत प्रत्येक मात्रेला एक घर असतं. त्रितालात चार-चार मात्रांचे विभाग, समेखाली म्हणजे पहिल्या मात्रेखाली फुली, खालीला म्हणजे टाळी नसलेल्या जागेला शून्य. सूर लांबला की पुढच्या घरात आडवी रेघ. एका मात्रेत दोन सूर आले की त्यांच्याखाली अर्धचंद्र. चिमणीला हे सगळं येत होतं. म्हणजे क्वेव्हरची, अर्ध्या मात्रेच्या सुरांची, जोडी तिला नवी नव्हतीच. खालचा अर्धचंद्र आणि सुरांच्या दांड्यांना जोडणारी जाड पट्टी एकच गोष्ट सांगतात. हे मी तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं?"

जेवणाच्या चार वाट्या ओळीत मांडल्या. एक वाटी एक मात्रा. सूर लागला की वाटीत चिंचोका. दोन चिंचोके म्हणजे दोन क्वेव्हर. वाटी रिकामी म्हणजे आधीचा सूर चालू आहे. मिनिम म्हणजे चिंचोका आणि शेजारी रिकामी वाटी. ती बोटानं एकेक वाटी टिपत जायची आणि तोंडानं सूर धरायची. लांबी दोन दिवसांत बसली.

अडलं ते शांततेपाशी. पानावर क्रॉचेट रेस्ट, म्हणजे एक मात्रा गप्प राहायची खूण, आली की ती आधीचा सूर दाबूनच ठेवायची, आणि दुसऱ्या हातानं हवेत एक सुंदर वळण द्यायची. मी दोन वेळा रागावले. मग लक्षात आलं, ती तालातली खाली दाखवत होती. तालात टाळी नसलेली जागा म्हणजे खाली, हात बाजूला जातो, पण गाणं थांबत नाही. आणि आजींच्या वहीत मोकळ्या घरातली आडवी रेघ म्हणजे चालू सूर. रिकामं म्हणजे चालू, हेच ती शिकली होती, आणि माझ्या वाट्यांनी तेच पक्कं केलं होतं. रेस्टसाठी वाटी पालथी घातली. पालथी वाटी म्हणजे आवाज बंद, बोट वर. त्या दिवसापासून रेस्टला तिचं बोट पट्टीवरून उडतं. थोडं जास्तच उडतं.

टिंबवाल्या क्रॉचेटपाशी वाट्यांनी हात टेकले. दीड मात्रेचा सूर आणि अर्ध्या मात्रेचा पुढचा. चिंचोका दुसऱ्या वाटीच्या उजव्या काठाला चिकटवून ठेवून बघितला, घरंगळला. शेवटी वाट्या बाजूला सारून आजींच्या वहीतलं घर काढलं: सा, आणि पुढच्या घरात रेघ आणि रे, दोघांखाली अर्धचंद्र. एकदा बघून तिनं वाजवलं. साधन कुठे थांबवायचं हे साधनच सांगतं, आपण ऐकलं पाहिजे.

ठोका मी मेट्रोनोमवर घेते, पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीमागे ढोलपथकाचा सराव चालतो. तिथे मेट्रोनोम ऐकू येणं शक्य नाही. दोन महिने आम्ही मात्रा त्यांच्याकडूनच घेतली. ते हळूहळू लय वाढवतात, चिमणीही वाढवायची, वाट्या टिपता टिपता शेवटी चिंचोके उडायचे.

दिवाळीनंतर

दिवाळीत ती तीन आठवडे मामाकडे गेली. परत आली तेव्हा रेस्ट शाबूत, लांबी शाबूत, आणि जागेचं वाचन पुन्हा मोजण्यावर आलेलं. फक्त आता तळापासून नाही, लाल रेघेपासून. मी मधल्या काळात लाल इलॅस्टिक बदलून पांढरं केलं होतं, तरी ती मनातल्या लाल रेघेवरून एक-दोन-तीन करत सुरापर्यंत यायची. खुंटी दिली की मूल खुंटीलाच बांधून घेतं, हा त्या लाल रंगाचा तोटा.

मग नाव वाचणंच बंद केलं. फळ्यावर दोन-दोन बांगड्या. नाव विचारायचं नाही, फक्त पहिलीपासून दुसरी कुठे? एक ओवलेली, शेजारची ठेवलेली, म्हणजे पायरी, शेजारची पट्टी. दोन्ही लागोपाठच्या रेघांत ओवलेल्या, म्हणजे उडी, मधली एक पट्टी सुटते. एकाच जागी, म्हणजे तेच. पहिला सूर मी सांगायचा, पुढचे तिनं पायरी, उडी, तेच म्हणत वाजवायचे. इथे ती वाचायला लागली, असं मी म्हणेन. कारण इथे पहिल्यांदा तिचे डोळे खाली पट्ट्यांकडे न येता पानावर पुढे सरकले. नावं चुकत होती, धून बरोबर येत होती. नावं नंतर आली.

जानेवारीत मी पुन्हा चोर सूर टाकला. तिला आता पाठ झालेली एक नवी धून, तिसऱ्या मापात, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या तिसऱ्या भागात, ईच्या जागी जी. ती तिथे आली, जी वाजवला, थांबली, तोंड कडू केलं. मागं जाऊन पुन्हा वाजवला. मग पेन्सिल घेऊन माझ्या सुरावर काट मारली, खाली ई काढला, रेघ पोटातून गेलेला, आणि म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिताना चुकलात."

फॉर्म आम्ही तेव्हाही भरला नाही. बास क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांची, डाव्या हाताची ओळ, अजून कच्चा आहे. त्यासाठी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात आणखी पाच इलॅस्टिक लावली, पण दोन्ही मिळून फळा कीबोर्डमागे फिरवला की रेघांची गर्दी होते आणि ती गोंधळते. डावा हात पेटीवर भाता हलवायला असतो, सूर काढायला नाही, हेही आहेच. तिच्या डाव्या हाताला वाचायची सवय शून्यापासून लावायची आहे. आईंची थोडी नाराजी आहे. मैत्रिणीची मुलगी दुसऱ्या ग्रेडला बसलीय.

आजींची तक्रार वेगळी, आणि मला ती जास्त लागली. "पूर्वी रेडिओवर काही लागलं की ही पेटीवर काढून बघायची. आता म्हणते, कागद कुठाय?" खरं होतं. मधले तीन महिने तिनं ऐकून एकही धून उचलली नव्हती. आता आठवड्यातला एक तास आम्ही कागदाशिवाय बसतो. तो आधीपासून ठेवायला हवा होता.

फेब्रुवारीत आजी स्वतः क्लासला आल्या, वही घेऊन. त्या वहीत दोन लिप्या आहेत. सुरुवातीची काही पानं पलुसकर पद्धतीची, पुढची भातखंडे. पहिल्या पानांत सुरावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; पुढच्या पानांत सुरावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. चिमणीला त्याचं काही वाटत नाही, पान बघून ती बदलते. आजींनी एक बंदिश काढली आणि म्हणाल्या, "ही लावून दाखव तुझ्या बांगड्यांत." चिमणीनं आधी आजींचा सा सीवर आणला आणि पहिली ओळ लावली. एक सूर चुकला, आजींनी गाऊन दाखवला, तिनं बांगडी सरकवली.

"आणि इथली मींड?" आजींनी वहीतल्या दोन सुरांवरच्या कंसावर बोट ठेवलं. मी सांगितलं की स्टाफवर कंस काढला तर तो वेगळ्या अर्थाचा होतो. एकाच सुराच्या दोन खुणांवर असेल तर सूर जोडून धरायचा, वेगळ्या सुरांवर असेल तर न तोडता वाजवायचे. मधली घसरण, म्हणजे मींड, त्यात येत नाही. "मग काय लिहिता तुम्ही?"

चिमणीनं ओवलेली बांगडी इलॅस्टिकसकट ताणून हळूहळू वरच्या जागेपर्यंत नेली, तिथे क्षणभर धरली. "अशी," ती म्हणाली. सोडल्यावर बांगडी टणकन खाली आली. आजींनी तिला परत करायला सांगितलं.